वाचनालयाचे आरोग्याचे व्हिडिओ कोणी बघत नाही, तेव्हा आधी काय करावं?

तालुक्याच्या गावचं, सरकारी अनुदानाच्या वर्गवारीतलं ‘ब’ वर्गाचं वाचनालय, ग्रंथपाल एकटे, मदतीला एक लिपिक. वाचकांना व्यायामाची आणि चांगल्या आहाराची गोडी लागावी म्हणून दर आठवड्याला एक व्हिडिओ काढायचा, असा ठराव कार्यकारी मंडळानं केला. व्हिडिओ निघताहेत, पण चाळीस-पन्नास जणांपलीकडे कोणी बघत नाही. मंडळातले काही म्हणतात चांगला कॅमेरा घेऊ, काही म्हणतात शहरातून जिमचा ट्रेनर बोलावू. यातलं आधी काय करावं, असं तुम्ही विचारलंत.

माझं मत विचाराल तर दोन्ही नको. मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुका वाचनालयात ग्रंथपाल आहे आणि आम्ही हे काम काही वर्षं नेटानं करतोय. त्या अनुभवावरून सांगते. तुमची अडचण कॅमेऱ्याची नाही आणि खरं तर प्रेक्षकसंख्येचीही नाही. सूर्यनमस्काराचे, डाएटचे व्हिडिओ यूट्यूबवर ढिगानं आहेत आणि ते आपल्यापेक्षा देखणेच असणार. रोज चालावं, भाजी खावी, मीठ-साखर कमी करावी, हे तुमच्या वाचकाला पाठ आहे. अडतं ते पुढे. ‘हे बरोबर आहे, पण माझ्यासारख्याला जमायचं नाही’ असं त्याच्या मनात येतं आणि तो पुढच्या व्हिडिओवर जातो. वाचनालय इथेच काहीतरी करू शकतं, कारण तो ‘माझ्यासारखा’ माणूस आपण नावानिशी ओळखतो. तो रोज आपल्या दारात चप्पल काढतो.

म्हणून मी तुम्हाला उलट विचारेन: ते चाळीस-पन्नास जण कोण होते, आणि व्हिडिओ बघून झाल्यावर त्यांनी काय केलं? हे ठाऊक नसेल तर आकडा चार हजारांवर गेला तरी मंडळाला सांगण्यासारखं तुमच्याकडे काही नसेल.

सगळ्यांसाठी एकच व्हिडिओ काढला की तो कोणाचाच राहत नाही. तुमच्या वाचनालयात कोण येतं हे मला माहीत नाही, म्हणून आमच्याकडचं सांगते. बहुतेक तालुका वाचनालयांत थोड्याफार फरकानं हेच असतं. सकाळी मुक्तद्वार विभागात, म्हणजे सभासद नसलेल्यांनाही खुल्या दालनात, पेपर वाचायला येणारे निवृत्त लोक. दुपारी कादंबऱ्या आणि मासिकं बदलायला येणाऱ्या बायका. दिवसभर अभ्यासिकेत बसणारी स्पर्धा परीक्षेची मुलं-मुली. आणि सुटीच्या दिवशी बालविभाग. या चार गटांची शरीरं वेगळी, वेळा वेगळ्या, घरातले अधिकारही वेगळे. यातला एक गट निवडा आणि निदान तीन महिने फक्त त्याच्यासाठी काम करा.

आम्ही सुरुवात पेपर वाचणाऱ्यांपासून केली, कारण ते रोज येतात आणि एकमेकांच्या संगतीनं काही करायला तयार होतात. त्यांच्यासाठी पहिला विषय निवडला तो खुर्चीवरून उठण्याचा. ऐकायला हा व्यायाम वाटतही नाही. पण साठीनंतर मांड्यांची ताकद कमी होते, हातांचा आधार घेतल्याशिवाय उठता येईनासं होतं, मग माणूस बाहेर पडणं टाळतो, आणि टाळलं की ताकद आणखी जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम सांगितले आहेत. पासष्टीपुढच्यांसाठी त्यात आठवड्यातून तीन किंवा जास्त दिवस तोल सांभाळण्याचे आणि ताकदीचे व्यायाम जोडले आहेत. आपल्याकडे ज्येष्ठ म्हणतात, ‘मी रोज चालतो की!’ चालणं उत्तमच, पण ताकद आणि तोल हे दोन विषय त्यातून राहून जातात.

व्हिडिओत काय दाखवलं ते बारकाईनं सांगते, कारण सगळी कसोटी तिथेच आहे. खुर्ची वाचनालयातलीच, जिच्यावर ते रोज बसतात, आणि पाठीमागून भिंतीला टेकवलेली, म्हणजे सरकत नाही. करून दाखवणारे गृहस्थ आमचे सभासद, सत्तरीतले, अंगात रोजचाच पायजमा-सदरा. खुर्चीच्या पुढच्या कडेशी बसायचं, पावलं पूर्ण टेकलेली, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. मग पुढे वाकायचं, नाक साधारण पायाच्या बोटांवर येईपर्यंत, आणि उठायचं. बसताना धपकन नाही; मनात तीन मोजत सावकाश. ज्यांना हातांशिवाय जमत नाही त्यांनी हातांच्या खुर्चीत बसून हातांवर जोर देऊन उठावं. त्यात कमीपणा काही नाही, सुरुवात तशीच होते. असं आठ वेळा, मध्ये काहीही न कापता. हे न कापणं मला फार महत्त्वाचं वाटतं. बघणारा सोबत करत असतो, त्याला त्या माणसाचा श्वास दिसायला हवा, सहाव्या वेळी तो जरा थांबला हेही दिसायला हवं.

जिमचा ट्रेनर नको म्हणते ते यासाठीच. ट्रेनरला विषयाचं ज्ञान असतं, पण पिळदार दंडांचा पंचविशीतला मुलगा पडद्यावर दिसला की सत्तरीचा माणूस प्रेक्षक होतो, करणारा राहत नाही. जाणकार माणूस कॅमेऱ्यामागे हवा. आम्ही फिजिओथेरपिस्टला आधी सगळं दाखवतो, त्यांच्या समोर चित्रण करतो आणि त्यांनी होकार दिल्यावरच व्हिडिओ बाहेर पाठवतो. तुमच्या गावात फिजिओथेरपिस्ट नसतील तर ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांना विचारा, शारीरिक शिक्षणाचे निवृत्त शिक्षक शोधा. सुरुवातीला सूचना मात्र प्रत्येक वेळी हवी: छातीत दुखलं, चक्कर आली, नेहमीपेक्षा जास्त धाप लागली तर तिथेच थांबायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. आणि ‘मध्यम’ म्हणजे किती, हे मिनिटांपेक्षा बोलण्यावरून सांगा. हालचाल करताना गप्पा मारता येतात पण गाणं म्हणता येत नाही, इतपत दम लागला की ती मध्यम हालचाल. हे सगळ्यांना लगेच कळतं.

बायकांसाठीचे व्हिडिओ करताना कपड्यांचा विचार आधी करा. साडीत जे करता येत नाही ते आमच्याकडच्या निम्म्या जणी घरी करणार नाहीत. भिंतीला हात टेकून दंड काढणं, ओट्याला धरून टाचा उचलणं, एका पायावर उभं राहणं, हे सगळं साडीत होतं. चित्रण शक्यतो एखाद्या बाईनंच करावं. व्हिडिओ कुठे जाणार, कोण बघणार, हे आधी स्पष्ट सांगून लेखी संमती घ्या. कोणी नंतर ‘काढून टाका’ म्हणालं तर त्याच दिवशी काढा. मुलांच्या बाबतीत पालकांची सही हवीच.

अभ्यासिकेतल्या मुलांचं दुखणं निराळं. सकाळी आठला बसलेली मुलं रात्री दहाला उठतात. पोटात चहा, बिस्किटं आणि वडापाव. त्यांना आहारावर व्याख्यान ऐकायला वेळ नाही आणि सगळ्यांसमोर हातपाय हलवायला संकोच वाटतो. इथे आम्हाला मदत झाली ती त्यांच्यातल्याच पोलीस भरतीच्या उमेदवारांची. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावण्याची चाचणी द्यायची असते, त्यामुळे ही मंडळी पहाटे मैदानावर असतात आणि शरीर कसं मोकळं करायचं हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. त्यांनी तीन मिनिटांचा एक व्हिडिओ केला: मान, खांदे, कंबर, मग गॅलरीत जाऊन जागच्या जागी पावलं. त्याला आवाजच नाही, फक्त मोठ्या अक्षरांतल्या सूचना. तो ठरलेल्या वेळी अभ्यासिकेतल्या टीव्हीवर लागतो. सुरुवातीला दोघं-तिघं उठतात, मग ओळ उठते. जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या सूचनांत हालचाल सलग दहा मिनिटं तरी हवी अशी अट होती. २०२० मध्ये ती काढून टाकली. थोडी थोडी हालचालही जमेस धरली जाते, हे या मुलांना मुद्दाम सांगा. ‘तासभर वेळ मिळाला की करू’ ही त्यांची अडचण त्यातून सुटते.

आहाराकडे येते. यात गाव, हवामान, जात, उपास, पैसा, सगळं येतं, त्यामुळे तयार साचा कोणी देऊ शकत नाही. मालवणच्या ताटात भात आणि मासळी असणार, माणदेशात बाजरी आणि हुलगे. एक पथ्य मात्र सगळीकडे लागू पडतं: तुमच्या आठवडी बाजारात जे मिळत नाही ते व्हिडिओत दाखवू नका. आमचा भाज्यांचा व्हिडिओ बाजारातच काढला. तांदुळजा, घोळ, चुका, शेवग्याचा पाला, विकणाऱ्या मावशींनीच निवडून दाखवला आणि कसा करतात ते सांगितलं. ओट्स, ॲव्होकाडो यांना त्यात काम नव्हतं.

आकडे हवेत, पण ते घरातल्या मापात आणून द्यावे लागतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये भारतीयांसाठी सुधारित आहार मार्गदर्शिका काढली, त्यात १७ सूचना आहेत. दिवसाला साधारण २००० कॅलरीच्या ताटात २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं (किंवा त्यांतल्या काहींच्या जागी अंडी-मांस), ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळं, ३०० मिलिलिटर दूध-दही, ३५ ग्रॅम दाणे-बिया आणि २७ ग्रॅम तेल-तूप सांगितलं आहे. हे जसंच्या तसं वाचून दाखवलं तर कोणाच्या डोक्यात राहत नाही. शिवाय माणशी ४०० ग्रॅम भाजी म्हणजे चौघांना दिवसाला दीड किलोहून जास्त. हे ऐकून माणसं हबकतात, आणि पैशांचा प्रश्न खराच असतो. भाजीचा पूर्ण आकडा पहिल्याच व्हिडिओत सांगायची घाई करू नका. रोजच्या जेवणात एक वाटी भाजी किंवा कोशिंबीर वाढवा, इथून सुरुवात करा.

मिठाचं मात्र छान जमतं. माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा जास्त मीठ नको, म्हणजे साधारण चहाचा एक सपाट चमचा. पण घरात मीठ माणशी मोजून कोण घालतं? आम्ही मिठाची एक किलोची पिशवी दाखवली. घरात चार मोठी माणसं, प्रत्येकी ५ ग्रॅम, म्हणजे दिवसाला २० ग्रॅम. ती पिशवी किमान ५० दिवस पुरायला हवी. करायचं एवढंच: पिशवी फोडली की तिच्यावर पेनानं तारीख घालायची आणि संपली की बघायचं. लोणच्यासाठी, भाज्या धुवायला जे वापरलं ते वजा करायचं. उलट पापड, लोणचं, फरसाण, बाहेरचा वडापाव यांतलं मीठ या पिशवीत मोजलं जात नाही, हेही सांगायचं. हा व्हिडिओ दोन मिनिटांचा आहे. त्यानंतर बायका देवघेवीच्या खिडकीशी येऊन पिशवी किती दिवस चालली ते सांगू लागल्या. कोणाची महिनाभरात संपली, कोणाची त्याआधीच. कोणालाही उपदेश करावा लागला नाही. तारीख त्यांनीच घातली होती, हिशेब त्यांनीच केला होता. तेलाचंही असंच करता येतं: माणशी २७ ग्रॅम धरले तर चौघांच्या घरात महिन्याला तेल-तूप मिळून सव्वातीन किलोच्या आसपास. किराणा यादी समोर ठेवली की पुरे.

या व्हिडिओत पुरुष दिसू द्या. भाजी निवडताना, किराणा आणताना, भाकरी थापताना. आहार बदलायचं सगळं ओझं घरातल्या बाईवर टाकून आपण मोकळे झालो तर काही दिवसांत घर पूर्वीच्या मार्गाला लागतं. ती कमी तेलाची भाजी करते आणि ताटावर बसलेला माणूस नाक मुरडतो, हे मी वाचकांकडून फार वेळा ऐकलं आहे.

आता काय टाळावं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. म्हणजे तुमच्या चाळीस प्रेक्षकांत मधुमेही असणारच असं धरून चाला. ‘साखरेऐवजी गूळ खा’ हे लोकप्रिय वाक्य त्यांच्यासाठी घातक आहे. गुळानंही रक्तातली साखर वाढतेच. इन्शुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यानं मनानं उपास धरला तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यानं ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. वजन घटवण्याची ‘आधी आणि नंतर’ची छायाचित्रं आम्ही वापरत नाही. जाड माणसाला लाज वाटली की तो व्यायाम करत नाही, वाचनालयात यायचा बंद होतो.

प्रायोजक भेटतील. चूर्ण, काढा, पावडर विकणारे स्वतःहून खर्च द्यायला येतात. त्यांना नम्रपणे नाही म्हणा. मधुमेह, रक्तदाब, लठ्ठपणा यांसारख्या आजारांवर इलाज म्हणून औषधांची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं मनाई आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी वाचनालयाची सगळी पत लोकांच्या विश्वासावर आहे. अनुदानातून खर्च करायचा असेल तर तो कोणत्या शीर्षाखाली बसतो ते जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना आधी विचारून घ्या.

मंडळात कोणी म्हणेल, हे वाचनालयाचं काम आहे का? अमेरिकेत नोआ लेन्स्ट्रा या ग्रंथालयशास्त्राच्या प्राध्यापकांनी २०१६ पासून ‘लेट्स मूव्ह इन लायब्ररीज’ हा उपक्रम चालवला, त्यात सार्वजनिक वाचनालयांतल्या व्यायामाच्या, योगाच्या, बागकामाच्या उपक्रमांची माहिती जमवली गेली. आपल्याकडे तर तालीम आणि वाचनालय ही गावागावातल्या तरुणांनी एकाच उमेदीनं उभी केलेली कामं. कित्येक जुन्या वाचनालयांत बडोद्याहून निघालेल्या व्यायाम ज्ञानकोशाचे खंड अजून आहेत. माझ्या मते प्रश्न उलटा आहे: व्हिडिओ बघितलेला माणूस पुस्तकापर्यंत पोहोचतो का?

त्यासाठी व्हिडिओच्या आधी कपाट बघा. पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याची ड्युई पद्धत वापरत असाल तर ६१३ मध्ये आरोग्य, ६१३.२ मध्ये आहार, ६१३.७ मध्ये व्यायाम, ६४१.५ मध्ये पाककृती. या रांगेतली पुस्तकं काढून प्रकाशनाचं वर्ष तपासा. चाळीस वर्षांपूर्वीचं मधुमेहाचं पथ्य सांगणारं पुस्तक वाचकाच्या हाती देऊ नये. अशी पुस्तकं निर्लेखनाच्या, म्हणजे संग्रहातून काढून टाकायच्या, यादीत घाला किंवा संदर्भासाठी वेगळी ठेवा. उरलेल्यांतून निवडक पुस्तकं देवघेवीजवळ मांडा आणि व्हिडिओच्या शेवटी तेच कपाट दाखवा. पुस्तकाचं मुखपृष्ठ दाखवायला हरकत नाही, आतली पानं मात्र वाचून दाखवू नका. तीन महिन्यांनी देवघेव नोंदवहीत त्या पुस्तकांची फेरी आधीपेक्षा वाढली का बघा. मंडळासमोर ठेवायला हा आकडा बघितलेल्यांच्या संख्येपेक्षा कितीतरी बोलका आहे.

तांत्रिक गोष्टी थोड्याच आहेत. साधा मोबाईल पुरतो. पैसे खर्च करायचेच तर कॉलर माईकवर करा, आणि चित्रणाच्या वेळी पंखा बंद ठेवा. खिडकी माणसाच्या समोर हवी, पाठीमागे नको. व्यायाम करणारा डोक्यापासून पायापर्यंत दिसायला हवा, मोबाईल कमरेच्या उंचीवर, खुर्चीचा व्यायाम असेल तर बाजूनं. ‘डावा हात, उजवा हात’ यात बघणाऱ्याचा गोंधळ होतो; ‘खिडकीकडचा हात’ म्हटलं की समोर दिसतं. आमचे वाचक व्हॉट्सॲपवर बघतात म्हणून आम्ही मोबाईल उभा धरतो. सभागृहातल्या टीव्हीसाठी हवा असेल तर आडवा. बोललेलं सगळं खाली मोठ्या अक्षरांत द्या. सिनेमातलं गाणं मागे लावू नका, स्वामित्वहक्काचा प्रश्न येतो. आणि दर आठवड्याला नवा व्हिडिओ हा नियम मंडळाला बदलायला सांगा. महिन्याला एक काढा, आणि तो दर बुधवारी संध्याकाळी वाचनालयात सगळे मिळून करा. आमच्याकडे घरी बघणाऱ्यांपेक्षा असे एकत्र करणारे जास्त टिकले.

एक गोष्ट तयारीत ठेवा. व्हिडिओ चालू लागला की लोक तुम्हालाच विचारतील: माझा गुडघा दुखतो, करू का? माझी साखर दोनशे आहे, आंबा चालेल का? याची उत्तरं आपण द्यायची नाहीत, मग आपण कितीही वाचलेलं असो. आम्ही खिडकीशी एक वही ठेवली आहे, प्रश्न त्यात लिहून घेतो, नाव घालायची सक्ती नाही. महिन्यातून एकदा डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ येतात, तेव्हा ती वही त्यांच्यापुढे ठेवतो. ज्याला लगेच दाखवायची गरज दिसते त्याला त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात जायला सांगतो. पुढच्या महिन्याचा विषय ठरवायलाही ती वहीच उपयोगी पडते. तुम्ही कॅमेऱ्याचं दरपत्रक मागवण्याआधी अशी एक वही ठेवून बघा.